मागून म्हणणारा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला तोंडघशी पाडायला नको. मला गाता येत नाही. हा विनय नव्हे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई शेजारी येऊन हळूच म्हणायच्या, "संघपाल, तू नुसते ओठ हलव." लग्नात बायकोच्या नातेवाइकांनी फारच आग्रह केला म्हणून मी दोन ओळी म्हटल्या, तर माझ्या सासूबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. सासूबाई म्हणजे रमाबाई, त्यांचा गळा अख्ख्या उत्तर नागपुरात नावाजलेला. मला वाटलं, बाई गहिवरल्या. नंतर श्रावस्तीनं, म्हणजे बायकोनं, सांगितलं की हसत होत्या.

आता ज्याला गाता येत नाही तो काय करतो? तो गाणं रेकॉर्ड करायची यंत्रं घेतो. मी दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात अवर सचिव आहे, दिवसभर फायलींवर 'कृपया चर्चा करावी' असं लिहितो आणि चर्चा कोणी करत नाही. घरी आलो की मोबाइलवर एका परदेशी दाढीवाल्याचे व्हिडिओ बघायचो. तो कुठल्याशा डोंगरात जाऊन म्हाताऱ्या माणसांची गाणी जागच्या जागी रेकॉर्ड करतो, डोळे मिटतो, मान हलवतो. वर्षभर त्याची मान बघितल्यावर मलाही तशीच मान हलवावीशी वाटू लागली. शेवटी घेतलं सगळं. डब्याएवढा रेकॉर्डर, दोन माइक, दोन स्टँड, कान झाकणारे हेडफोन आणि माइकवर चढवायच्या केसाळ टोप्या.

दुकानदार म्हणाला, "सर, बत्तीस बिट फ्लोट है. फुसफुसाओ या चिल्लाओ, आवाज़ फटेगी नहीं." म्हणजे कुजबुजा नाहीतर बोंबला, सगळं जसंच्या तसं स्वच्छ उतरणार. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्या बोकांडी बसलंय.

चाचण्या सुरू झाल्या. कुकरची शिट्टी घेतली. श्रावस्ती माझ्यावर ओरडली तेही घेतलं, आणि तिला ऐकवलं, ही चूक झाली. एका सकाळी नेहरू पार्कात जाऊन कोकिळेला माइक लावला. घरी येऊन ऐकतो तर कोकिळा कुठेतरी लांब, आणि अगदी जवळ कोणी दम्याचा पेशंट. तो मीच होतो. तरीही मी सगळ्यांना सांगत सुटलो, की आता फक्त योग्य आवाज मिळायचा अवकाश आहे.

योग्य आवाज घरातच बसला होता. रमाबाई नागपूरहून आमच्याकडे लक्ष्मीबाई नगरला आल्या होत्या, गळ्यातली थायरॉइडची गाठ दाखवायला. डॉक्टरांनी तपासलं, गाठ काढावी लागेल म्हणाले, मंगळवारची तारीख दिली, आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "देखिए, आवाज़ की नस वहीं से जाती है. माताजी की आवाज़ थोड़ी बदल सकती है." रमाबाईंनी मान डोलावली, जणू भाजीवाल्यानं भाव सांगितला. खाली ऑटोच्या रांगेत आल्यावर श्रावस्ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "संघपाल, अण्णांचं गाणं."

अण्णा म्हणजे तिचे वडील, बबन. नागपूरच्या कापडमिलमध्ये होते. श्रावस्ती शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी तिच्यावर एक गाणं केलं. लेक शाळेला निघाली आहे आणि बाप वाटेतल्या एकेकाला बाजूला व्हायला सांगतो आहे. नदीला सांगतो, पावसाला सांगतो, पाटलाला सांगतो. अण्णांनी ते कधी कागदावर उतरवलं नाही. रमाबाई म्हणायच्या, बाकीच्या बायका मागून म्हणायच्या. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. श्रावस्तीला चार कडवी येतात, नागपूरच्या तिच्या मावशीला दोन, आणि सगळी फक्त रमाबाईंना. भीमजयंतीला कोणी कोणी मोबाइलवर घेतलं होतं, पण त्यात डीजेच जास्त आणि रमाबाई कमी. लिहून घ्यावं म्हटलं तर त्या म्हणायच्या, "सांगून नाही येत बाप्पा ते. म्हणायला बसलं की येते."

म्हणजे मंगळवारनंतर ते गाणं त्या आवाजात राहील की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. आणि रविवार एवढाच हातात होता.

"काळजी करू नकोस," मी श्रावस्तीला म्हणालो. "यंत्र आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विश्वास होता असं मी तेव्हा धरून चाललो.

आमच्या क्वार्टरमध्ये रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. वरच्या घरात फरशीचं काम चाललेलं, खाली भाजीवाला, आणि सरोजिनी नगरच्या बाजाराला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न. मग मला उल्हास आठवला. उल्हास माझ्याच खात्यातला, पण जन्मापासून दिल्लीत, त्यामुळे त्याचं मराठी अधूनमधून हिंदीत शिरतं आणि परत यायचं विसरतं. त्याचा दिल्लीतल्याच द्वारकेत फ्लॅट आहे, बायको-मुलं माहेरी गेलेली. "यार, एकदम शांती आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "बिल्कुल आश्रम."

मी तरी नुसत्या त्याच्या शब्दावर जाणारा माणूस नव्हे. आदल्या रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा मी बाल्कनीत डोळे मिटून उभा राहिलो होतो, दाढीवाल्यासारखा. चिटपाखरू नव्हतं. आता मला कसं कळणार, की विमानतळ शेजारीच आहे, फक्त त्या दिवशी वारा उलटा होता आणि विमानं पलीकडच्या बाजूनं उतरत होती? हवामान खातं काही माझ्याकडे नाही.

आणि मग मी ते परिपत्रक काढलं.

आमच्या कॉलनीत एक महिला मंडळ आहे. विदर्भ-मराठवाड्यातून बदल्या होऊन आलेल्या आमच्याच समाजातल्या बायका. रमाबाई आल्या की त्या जमतात, त्यांच्या मागून म्हणतात. मंडळाच्या मुख्य लतिकाताई. रेकॉर्डिंगचं कळल्यावर सगळ्या यायला निघाल्या होत्या, कोणी चिवडा आणणार होतं, कोणी ताक. मी ग्रुपवर लिहिलं: "ध्वनिमुद्रणाच्या शुद्धतेच्या दृष्टीने बांगड्या, टाळ्या व खोकला टाळणे आवश्यक असल्याने मंडळाच्या सदस्यांनी कृपया उपस्थित राहू नये. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

लतिकाताईंनी उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवले. मला वाटलं, मान्यता मिळाली. मी तो विषय निकाली काढला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं द्वारकेला पोहोचलो. बाहेर जून भाजत होता. मी उल्हासच्या घरात शिरलो तो धाड टाकल्यासारखाच. एसी बंद. पंखा बंद. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. फ्रिज घरघरत होता, तोही बंद. फ्रिज बंद करताना जाणकार लोक गाडीची किल्ली त्यात ठेवतात, म्हणजे निघताना किल्ली शोधताना फ्रिज चालू करायची आठवण होते. हे मी दाढीवाल्याकडून शिकलो होतो. मी मोठ्या ऐटीत किल्ली लोण्याच्या डबीवर ठेवली.

उल्हास घाम पुसत म्हणाला, "यार संघपाल, रेकॉर्डिंग आहे की सौना?"

रमाबाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या. मी त्यांच्या तोंडासमोर एक माइक लावला, दुसरा जरा उजवीकडे, आणि दोन्हींवर केसाळ टोप्या चढवल्या. त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं. "हे मांजर जिवंत आहे का मेलेलं?"

"आई, ती टोपी आहे. हवेचा आवाज येऊ नये म्हणून."

"हवा तर तुम्ही बंदच केली आहे जावईबापू."

उल्हास हसला. मी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. खरं तर त्या यंत्राला आवाजाची पातळी बघावी लागतच नाही, त्यासाठीच तर ते घेतलं. पण पातळी न बघता रेकॉर्डिस्ट होण्यात मजा काय? मी हेडफोन चढवले आणि म्हणालो, "आई, काहीतरी बोला. मी आवाज बघतो."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"पोहे खाल्ले. कच्चे होते. तुम्हीच केले होते."

आवाज उत्तम येत होता.

मग मी हात वर केला, डोळे मिटले, आणि हात खाली आणला. रमाबाईंनी सूर लावला. काय सांगू तुम्हाला! त्या हेडफोनमधून तो आवाज असा आला, की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. 'माझी लेक चालली शाळंला, वाट सोडा हो, वाट सोडा.' मान हलवायचीसुद्धा मला आठवण राहिली नाही.

आणि डोक्यावरून विमान गेलं.

ते असं गेलं, की बाल्कनीच्या काचा थरथरल्या. "थांबा, थांबा!" मी ओरडलो. रमाबाई थांबल्या. विमान गेलं. पुन्हा सुरुवात. पुन्हा ध्रुपद, आणि पुन्हा विमान. मी उल्हासकडे बघितलं. "हा तुझा आश्रम?"

"अरे, मला तर आता ऐकूच येत नाही," तो म्हणाला. "आदत झाली."

तिसऱ्यांदा थांबवलं, चौथ्यांदा थांबवलं. मग मी मोबाइलवर विमानं दाखवणारं ॲप उघडलं, आणि दोन विमानांच्या फटीत गाणं बसवायचं ठरवलं. रमाबाई प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करत होत्या आणि प्रत्येक वेळी मी त्यांना तोडत होतो. कपाळावरचा घाम पुसायला त्यांनी पदर उचलला तर मी म्हणालो, "आई, पदराचा आवाज येतो." खरं सांगतो, आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

शेवटी एक मोठी फट मिळाली. रमाबाईंनी ध्रुपद म्हटलं, पहिलं कडवं म्हटलं: 'नदीबाई, नदीबाई, आवर तुझं पाणी, पाटीवरचं अक्षर तिच्या कोरडं राहू दे.' मग त्या 'वाट सोडा'वर आल्या आणि त्यांनी आमच्याकडे बघत हाताचा पंजा गोल फिरवला. श्रावस्तीनं तोंड उघडलं. मी डोळे वटारले. तिनं तोंड मिटलं. खोलीत शुद्ध, निर्भेळ शांतता. मला इतकं समाधान वाटलं!

रमाबाई थांबल्या. पुन्हा हात फिरवला. मग दुसऱ्या कडव्याचा एक शब्द म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

"काय झालं, आई?"

"पुढचं येत नाही."

"आठवा. घाई नाही. दोन विमानांमध्ये वेळ आहे."

"आठवायचं काय त्यात?" त्या वैतागल्या. "तुम्ही मागून म्हणता ना, तेवढ्यात पुढचं माझ्या तोंडात येते. मागून कोणी म्हणतच नाही, तर पुढचं कुठून येईल?"

मी त्यांना शांतपणे, तज्ज्ञाच्या आवाजात समजावलं, की आधी त्यांचा आवाज एकट्याचा, शुद्ध घेऊ, मागच्या ओळी मी नंतर वेगळ्या रेकॉर्ड करून बेमालूम जोडून देईन. कोणाला कळणारसुद्धा नाही.

"तुम्ही नंतर जोडाल," रमाबाई म्हणाल्या, "पण मला आत्ता कसं ऐकू येईल ते?"

हे दाढीवाल्याच्या एकाही व्हिडिओत नव्हतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, मनातल्या मनात ऐका. त्यांनी प्रयत्न केला. बिचाऱ्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होत्या, पाटलाच्या कडव्यात पाऊस शिरत होता, पावसाच्या कडव्यात बैल. आणि मग एकदा त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी गळ्याला हात लावला आणि पाणी मागितलं.

श्रावस्ती उठली. ती चिडली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. "संघपाल," ती म्हणाली, "परवा डॉक्टर आईचा आवाज घेतील की नाही माहीत नाही. पण तू आज घेतोयस. या तुझ्या चाचण्यांत संपवतोयस तो. मला अण्णांचं गाणं हवंय. तुझी शांतता नकोय मला."

मी हेडफोन काढले. कान घामानं चिंब झाले होते. खरंच घाबरलो होतो मी. या बाईंचा आवाज माझ्या हातात दिला होता आणि मी सकाळभर तो पाण्यासारखा सांडत होतो.

धडपडत लतिकाताईंना फोन लावला. "जय भीम, ताई. तुम्ही सगळ्या येऊ शकता का? आत्ता? मी गाडी पाठवतो."

"जय भीम, संघपालभाऊ," पलीकडून अतिशय गोड आवाज आला. "अहो, आमच्या बांगड्या फार वाजतात. आणि मला तर बाई खोकलाही आहे." आणि त्या खोटं खोटं खोकल्या, दोनदा. मग फोन बंद. जोडलेल्या हातांचा अर्थ मला तिथे द्वारकेत, एसी बंद असलेल्या खोलीत कळला.

रमाबाई पाणी पीत सगळं बघत होत्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "जाऊ द्या. तुम्ही तिघं म्हणा."

"तिघं?" मी म्हणालो. "म्हणजे श्रावस्ती आणि उल्हास."

"दोघांनी भरत नाही. तुम्हीही."

"आई, मला गाता येत नाही."

"माहीत आहे ना बाप्पा. लग्नात ऐकलं आहे मी." त्यांनी शेजारच्या सतरंजीवर हात आपटला. "गाणारा कोणाला पाहिजे? मला मागून म्हणणारा पाहिजे. इकडं बसा, उजव्या अंगाला. डाव्या कानानं मला कमी ऐकू येते. आणि मोठ्यानं म्हणा, मिणमिण करू नका."

उजव्या अंगाला दुसरा माइक होता. मी बसलो तो बरोबर त्याच्यापाशी, वीतभर अंतरावर. मला ते दिसत होतं. पण त्या आवाजात त्यांनी 'बसा' म्हटल्यावर माइक हलवायला उठायची माझी छाती झाली नाही. मी बटण दाबलं, हेडफोन बाजूला ठेवले, आणि उल्हासनं उठून पंखा लावला. मी अडवलं नाही.

"ये कडवं म्हणजे वो स्टांझा ना?" उल्हासनं हळूच विचारलं.

"तू फक्त 'वाट सोडा' म्हण," श्रावस्ती म्हणाली.

रमाबाईंनी सुरू केलं. ध्रुपद आलं, पंजा फिरला, आणि आम्ही तिघांनी म्हटलं, 'वाट सोडा हो, वाट सोडा.' माझा आवाज त्या दोघांच्या आवाजाला कुठेही भेटला नाही. रमाबाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही, नुसती मान हलवली, आणि पुढचं कडवं आलं. मग त्याच्या पुढचं. नदी, पाऊस, बैल, पाटील, देवळाचा पुजारी, फळ्याकडे पाठ करून बसवणारा मास्तर. एकेक जण बाजूला होत होता. श्रावस्तीनं कधी न ऐकलेली कडवी येत होती, ती माझा दंड धरून बसली होती आणि तिची नखं मला रुतत होती.

मग विमान आलं. मला वाटलं, संपलं. पण रमाबाईंनी आमच्याकडे बघून पंजा फिरवला, आणि फिरवतच राहिल्या. आम्ही 'वाट सोडा, वाट सोडा' म्हणतच राहिलो. विमान डोक्यावरून गडगडत गेलं आणि आम्ही खालून त्याला वाट सोडायला सांगत होतो. ते गेलं तशी त्यांनी मूठ मिटली आणि पुढचं कडवं उचललं. मिलचा भोंगा वाजला की असंच धरून ठेवायचं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

शेवटच्या कडव्यात त्या वरच्या सुरात गेल्या. 'मागं मागं पाहू नको, मागं बाप उभा हाये. तुझ्या पायी त्याची वाट, त्याला पुढं जायाचं हाये.' त्या 'उभा हाये'वर आवाज असा सरळ वर गेला, की सकाळभर चिरकलेला गळा तो हाच का असं वाटावं. श्रावस्ती म्हणायची थांबली. उल्हास डोळे पुसत होता, तोही थांबला. मागून म्हणणारा मी एकटाच उरलो. रडत होतो आणि तरी ओरडत होतो, कारण त्यांनी मोठ्यानं म्हणा सांगितलं होतं.

गाणं संपलं. मग उल्हास म्हणाला, "चलो, काहीतरी थंड पिऊ," आणि निघताना आम्ही गाडीची किल्ली शोधत बसलो. सोफा उलटा केला, सतरंजी झटकली, मी उल्हासवर संशयसुद्धा घेतला. शेवटी रमाबाईंनी ताक आहे का बघायला फ्रिज उघडला, तेव्हा लोणी वितळलेलं होतं आणि किल्ली त्यात बुडालेली.

घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं आणि माझं धाबं दणाणलं. रमाबाईंचा आवाज होता, लखलखीत, एकेक शब्द सुटा. सगळी कडवी होती. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, त्यांच्या बरोबरीनं, त्यांच्यापेक्षा जवळून, मी. म्हैस हरवलेला माणूस शेताच्या बांधावर उभा राहून हाका मारतो ना, तसा. बत्तीस बिट फ्लोट. माझा एकही बेसूर फाटला नव्हता. दुकानदाराचा शब्द खरा निघाला.

श्रावस्तीनं ऐकलं. पूर्ण ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो. "मी काढतो माझा आवाज," म्हटलं. "सॉफ्टवेअर असतं. मी करतो काहीतरी." ती म्हणाली, "नंतर बोलू." मला तेवढंच पुरेसं होतं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. रमाबाई शुद्धीवर आल्या, श्रावस्तीला काही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, "आएगी, धीरे-धीरे. हाँ, ऊपर का सुर शायद न आए." श्रावस्ती त्यांचा हात धरून बसली. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. गाठ साधी निघाली म्हणून आनंद होता, आणि वरचा सूर आता फक्त माझ्या यंत्रात आहे, आणि त्याच्यावर मी बसलो आहे, हेही कळत होतं.

ऑफिसातून आलो की मी लॅपटॉप उघडून बसायचो. माझा आवाज काढला की रमाबाईंच्या ओळीचं शेपूट तुटायचं. जरा कमी काढला तर त्या टाकीत बसून गात आहेत असं वाटायचं. एक सॉफ्टवेअर इतकं हुशार निघालं, की त्यानं माझा आवाज मुख्य गायक म्हणून ठेवला आणि रमाबाईंना गोंगाट समजून काढून टाकलं. मी लॅपटॉपला शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, हिंदीत दिल्या. एवढं ऐकून ऐकून सगळी कडवी मला तोंडपाठ झाली, पण रेकॉर्डिंग जिथल्या तिथं.

पुढच्या रविवारी सकाळी रमाबाई सोफ्यावर टेकून बसल्या होत्या, गळ्याला पट्टी. आता त्यांना थोडं बोलता येत होतं, पत्र्यावर वाळू घासावी तसं. त्यांनी बोटानं हेडफोन दाखवले. ऐकायचं होतं त्यांना. आता मात्र पळवाट नव्हती.

मी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि आधीच हात जोडले, खरे जोडले, लतिकाताईंसारखे नव्हे. "आई, माफ करा. माझा आवाज निघत नाही त्यातून. प्रयत्न चालू आहे. एखाद्या मोठ्या स्टुडिओत नेतो, ते काढतील."

त्यांनी हातानं गप्प बसवलं. डोळे मिटून ऐकू लागल्या. मध्येच एक डोळा उघडून, माझ्याकडे बोट करून खरखरीत आवाजात विचारलं, "हे तुम्ही?"

"हो."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडत आहेत. लग्नात गहिवरल्या होत्या तशाच! हसत होत्या, आणि हसल्यामुळे गळा दुखत होता, म्हणून पट्टीवर हात धरून हसत होत्या. श्रावस्ती स्वयंपाकघरातून धावत आली.

"काढू नका," रमाबाई म्हणाल्या. एकेका शब्दाला त्यांना श्वास घ्यावा लागत होता. "हिचे अण्णा असेच बोंबलायचे. इथंच. या कानाशी. जन्मात एक दिवस सुरात नाही लागले. म्हणून तर गाणं करायचे आणि माझ्याकडं द्यायचे."

मी श्रावस्तीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. "मला द्वारकेतच वाटलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या कडव्याला. म्हटलं, मलाच भास होतोय."

"त्यांचा आवाज कुठं भरून ठेवला आहे?" रमाबाई म्हणाल्या. "कुठंच नाही. हा राहू द्या."

मी उगाच हेडफोनची वायर सरळ करत बसलो. रमाबाईंनी पुन्हा डोळे मिटले. गाणं शेवटच्या कडव्यावर आलं असावं, कारण त्यांची मान वर गेली आणि ओठ हलू लागले. 'मागं बाप उभा हाये.' ओठांतून काहीच आलं नाही, नुसती हवा. मग त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच माझ्याकडे पंजा केला आणि गोल फिरवला.

मी म्हटलं, "वाट सोडा हो, वाट सोडा." वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"मोठ्यानं म्हण," श्रावस्ती म्हणाली. "तिच्या कानावर हेडफोन आहेत."